युरोपीय संघ: माणसं कमी, वीज महाग आणि सत्तावीस कुंपणं

दशांशचिन्ह (धागाकर्ता)

युरोपचा विषय निघाला की दोनच सूर लागतात. "म्हातारा खंड, संपला आता" हा एक, आणि "बाहेरच्यांनी भरला" हा दुसरा. दोन्हीकडे आकडे नसतात. म्हणून हा धागा.

कुठल्याही देशाच्या उत्पन्नाचा गुणाकार साधा आहे: काम करणारे हात, गुणिले वर्षाचे तास, गुणिले दर तासाचं उत्पादन. युरोपीय संघात या तिन्ही आकड्यांना एकाच वेळी कीड लागली आहे. वर्तमानपत्रं "लोकसंख्येचा प्रश्न" आणि "स्पर्धात्मकतेचा प्रश्न" अशा दोन वेगळ्या बातम्या छापतात. माझ्या मते ती एकच बातमी आहे.

आधी हात. २०२३ मध्ये संघाच्या २७ देशांत मिळून साधारण ३६.७ लाख मुलं जन्मली. १९६४ मध्ये याच देशांत ६८ लाख जन्मली होती. एकूण जननदर (एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं) १.३८, आणि लोकसंख्या टिकायला लागतो २.१. भागाकार केला तर ०.६६. म्हणजे आज शंभर बायका असतील तर मुलींच्या पिढीत ६६ आणि नातींच्या पिढीत ४३-४४. २०१२ पासून मृत्यूंची संख्या जन्मांपेक्षा जास्त आहे. तरी एकूण लोकसंख्या ४५ कोटींच्या आसपास टिकून आहे ती फक्त बाहेरून येणाऱ्यांमुळे. सरासरी सगळं सांगत नाही हेही खरं. बल्गेरियाचा दर १.८१ आणि स्पेनचा १.१२ होता. पण त्याच बल्गेरियाची लोकसंख्या १९८०च्या दशकाच्या अखेरीस ९० लाखांच्या घरात होती आणि २०२१च्या जनगणनेत ६५ लाख भरली. मुलं होतात, मोठी होतात आणि जर्मनीला जातात.

आता तासाचं उत्पादन. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष आणि इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्रागी यांचा अहवाल ९ सप्टेंबर २०२४ ला आला. त्यातला हिशेब असा: युरोपातल्या कामगाराची उत्पादकता १९४५ मध्ये अमेरिकेच्या २२ टक्के होती, १९९५ मध्ये ९५ टक्क्यांपर्यंत चढली, आणि आता ८० टक्क्यांच्याही खाली आहे. याच अहवालानुसार २०४० पर्यंत काम करणारी माणसं दरवर्षी जवळपास २० लाखांनी कमी होत जातील. म्हणून त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य मला हे वाटतं: २०१५ पासूनचा उत्पादकतावाढीचा सरासरी वेग असाच राहिला, तर २०५० पर्यंत एकूण जीडीपी जेमतेम आहे तेवढाच राहील. मंदी नाही, संकट नाही, सगळं नीट चाललं तरी शून्य. आणि त्याच पातळीतून जास्त निवृत्तिवेतन, जास्त आरोग्यखर्च, संरक्षण आणि कर्जाचं व्याज भागवायचं.

द्रागींनी मागितलेली जादा गुंतवणूक वर्षाला ७५० ते ८०० अब्ज युरो, म्हणजे संघाच्या जीडीपीच्या ४.४ ते ४.७ टक्के. महायुद्धानंतर युरोप उभा करायला अमेरिकेनं दिलेली मदत, म्हणजे मार्शल योजना, वर्षाला १ ते २ टक्क्यांची होती.

एक दिलाशाचा आकडा लगेच देतो, नाहीतर कोणीतरी खाली "सगळं संपलं" लिहीलच. माहिती-तंत्रज्ञानाची मुख्य क्षेत्रं वगळली तर २००० ते २०१९ या काळात युरोपची उत्पादकतावाढ अमेरिकेच्या बरोबरीनंच आहे. म्हणजे सुतार, डॉक्टर, लोहार तिथले मागे नाहीत. संगणकाच्या दोन लाटा हुकल्या.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः वीज आणि निवृत्तिवेतन यांवर.

---

कडुलिंब

गुणाकार पटला, पण मधला आकडा, तास, तुम्ही उल्लेखून सोडून दिलात. घोळ तिथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

जर्मनीत एक कामगार वर्षाला सरासरी १३४० तासांच्या आसपास काम करतो, अमेरिकेत १८०० च्या आसपास. यावरून "जर्मन आळशी झाले" असे लेख निघतात. पूर्णवेळ काम करणारा जर्मन आळशी नाही. सरासरी खाली ओढतात त्या अर्धवेळ नोकऱ्या. नोकरी करणाऱ्या बायकांपैकी जवळपास निम्म्या अर्धवेळ आहेत, आणि ती निव्वळ आवड नाही. कररचनाच तशी आहे.

तिथे नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र करतात, निम्मं करतात, त्या निम्म्यावर कर काढतात आणि दुप्पट करतात. नवरा ७० हजार युरो आणि बायको शून्य असेल तर ३५ हजारांवरचा कर दोनदा. भरपूर सूट मिळते. पण बायको कामाला लागली की तिच्या पहिल्या युरोवरच कुटुंबाचा वरचा दर लागतो. शिवाय बहुतेक जोडपी नवऱ्याला तिसऱ्या आणि बायकोला पाचव्या करवर्गात टाकतात, त्यामुळे तिच्या हातात येणारा मासिक पगार आणखी बारीक दिसतो. वर्षअखेरीस हिशेब जुळतो, पण निर्णय पगारपत्रक बघून होतो.

याला जोड छोट्या नोकरीची. २०२५ मध्ये महिन्याला ५५६ युरोपर्यंतच्या कमाईवर कामगाराला कर जवळजवळ नाही आणि आरोग्यविम्याचा हप्ताही नाही, कारण ती नवऱ्याच्या विम्यात फुकट बसते. त्या मर्यादेच्या वर एक युरो कमावला की विमा स्वतःचा. म्हणून लाखो बायका त्या रेषेच्या अलीकडे थांबतात. हप्ते टप्प्याटप्प्यानं वाढवायची सोय २००० युरोपर्यंत केलेली आहे, पण पाचवा करवर्ग तसाच असल्यानं तिचा फायदा निम्मा वाया जातो.

आणि पाळणाघर. एक वर्षावरच्या मुलाला जागा मिळणं हा ऑगस्ट २०१३ पासून कायदेशीर हक्क आहे. जागा आणि शिक्षिका मात्र पुरेशा नाहीत, आणि शिक्षिका आजारी पडली की गट दुपारीच बंद. प्राथमिक शाळेत दिवसभर सांभाळण्याचा हक्क ऑगस्ट २०२६ पासून, तोही आधी फक्त पहिलीच्या मुलांना.

नवी माणसं आणण्याआधी आहेत त्या माणसांचे तास मोकळे करणं स्वस्त पडतं. पण करसवलत काढायची म्हणजे विवाहित मतदारांना दुखवायचं.

---

रात्रपाळी

विजेवर लिहितो.

द्रागींच्या अहवालात युरोपीय उद्योगांचा वीजदर अमेरिकेच्या दोन ते तीन पट आणि नैसर्गिक वायूचा चार ते पाच पट दिला आहे. "रशियाचा गॅस गेला" हे अर्धंच उत्तर. २०२१ मध्ये संघाच्या गॅस आयातीत रशियाचा वाटा ४५ टक्क्यांच्या आसपास होता, तो तुटला, जहाजानं येणारा द्रवरूप गॅस महाग पडतो, हे सगळं खरं. पण वीज तर बरीचशी वारा, सूर्य, पाणी आणि अणूतून येते. मग ती का महागली?

कारण बाजाराची पद्धत. दुसऱ्या दिवसाच्या प्रत्येक वेळखंडासाठी सगळी केंद्रं बोली लावतात. स्वस्तापासून महागापर्यंत रांग लागते, मागणी जिथे पुरी होते तिथल्या शेवटच्या केंद्राचा दर सगळ्यांना मिळतो. समजा पवनचक्कीची बोली ५, अणुकेंद्राची १५, गॅसची १००. मागणीचा शेवटचा तुकडा गॅसनं भरला तर पवनचक्कीलाही १००. २०२२ मध्ये संघाच्या विजेत गॅसचा वाटा २० टक्के होता, पण ६३ टक्के वेळा दर त्यानं ठरवला.

पद्धत मूर्खपणाची नाही. कोणतं केंद्र आधी चालवायचं हे ती अचूक ठरवते. बिघाड असा की स्वस्त विजेचा फायदा ग्राहकापर्यंत जात नाही. २०२४च्या सुधारणेनं सरकारी आधारावरच्या नव्या पवन, सौर आणि अणुप्रकल्पांना दुहेरी फरक-करार लावायचं ठरवलं: दर ठरलेल्या पातळीच्या वर गेला तर केंद्र पैसे परत करेल, खाली गेला तर सरकार भरून देईल. पण हे जुलै २०२७ पासूनच्या करारांना, जुन्या केंद्रांना नाही. थेट दीर्घ मुदतीचा वीजकरार हा दुसरा मार्ग. त्यात १०-१५ वर्षांची बांधिलकी आणि बँकहमी लागते. पोलाद कारखान्याला जमतं, चाळीस माणसांच्या ओतशाळेला नाही.

---

दशांशचिन्ह

उत्तम. तारांचंही लिहा ना. जर्मनीत उत्तरेला वारा वाहतो आणि दक्षिणेला कारखाने आहेत, तिथला गोंधळ.

---

रात्रपाळी

लिहितो. उत्तरेकडून बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग या दक्षिणेच्या राज्यांकडे जाणारी साधारण ७०० किलोमीटरची झ्यूडलिंक ही वाहिनी, क्षमता ४ गिगावॅट. आधी २०२२ मध्ये पूर्ण व्हायची होती, आता २०२८. उशीर का? मनोरे नकोत म्हणून गावोगावी विरोध झाला, २०१५ मध्ये तारा जमिनीखालून न्यायचं ठरलं, आणि मग मार्गाची आखणी, माती-तपासणी, परवानग्या सगळं नव्यानं.

तोवर काय होतं ते बघा. जर्मनी आणि लक्झेंबर्ग मिळून एकच दर-क्षेत्र आहे, म्हणजे सगळीकडे विजेचा बाजारभाव एकच. बाजार असं धरून चालतो की किनाऱ्यावरची वीज म्युनिकला पोचतेच. प्रत्यक्षात तार भरते. मग उत्तरेच्या पवनचक्क्या थांबवायच्या आणि त्यांना भरपाई द्यायची, दक्षिणेत गॅसकेंद्र सुरू करायचं आणि त्यालाही पैसे द्यायचे. हा वर्षाकाठी अब्जावधी युरोंचा खर्च. स्वीडननं २०११ मध्येच देशाचे चार दर-क्षेत्रांत तुकडे केले. जर्मनी करत नाही, कारण दक्षिणेची वीज महाग झालेली तिथल्या मोटार उद्योगाला परवडणार नाही.

लुडविगसहाफेनला बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीनं दोन अमोनिया संयंत्रांपैकी एक बंद करायचा निर्णय २०२३ मध्ये जाहीर केला. तिथे मात्र विजेपेक्षा गॅसचा प्रश्न आहे. अमोनियात गॅस हाच कच्चा माल, त्यामुळे तो चौपट दरानं घेऊन स्पर्धा होतच नाही. अशा कारखान्याला अनुदान देऊन जगवण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत. अमोनिया जहाजानं आणता येतो.

---

पाणचक्की

वीज, गॅस ठीक. पण "एकच बाजारपेठ" हे नाव बघून लोक फसतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं २०२४ मध्ये मांडलेला अंदाज: संघातल्या संघात मालावर असलेले अडथळे साधारण ४४ टक्के आयातशुल्काएवढे आणि सेवांवरचे ११० टक्क्यांएवढे. सीमेवर शुल्क शून्य आहे, तरीही.

हे होतं कसं? समजा पोर्तुगालमधली बारा माणसांची कंपनी स्वयंपाकाची भांडी ऑनलाइन विकते.

मूल्यवर्धित कर सुटसुटीत आहे. जुलै २०२१ पासून परदेशी ग्राहकांना वर्षाला १०,००० युरोंपेक्षा जास्त विक्री झाली की ग्राहकाच्या देशाचा दर लावायचा, पण सगळा भरणा आपल्याच देशाच्या एका खिडकीत. हे चांगलं काम झालं.

खोक्याशी गाडी अडते. जर्मनीत पहिलं पार्सल पाठवण्याआधी ल्युसिड या पॅकेजिंगच्या सरकारी नोंदवहीत नाव हवं आणि कचरा गोळा करणाऱ्या यंत्रणेशी करार हवा. फ्रान्सला वेगळी नोंदणी, वेगळा क्रमांक आणि खोक्यावर त्रिमान हे कचरा-वर्गीकरणाचं चिन्ह. इटलीला खोक्याच्या प्रत्येक भागावर पदार्थाचा सांकेतिक क्रमांक. तीन देश, तीन वार्षिक विवरणं, किलोग्रॅममध्ये. वर्षाला दोनशे पार्सलं जाणार असतील तर लहान कंपनी त्या देशात विकायचंच बंद करते, आणि ती जागा मोठ्या अमेरिकी ऑनलाइन विक्री-मंचाला मिळते. पॅकेजिंगचा नवा एकसमान नियम फेब्रुवारी २०२५ मध्ये अमलात आला. तो लागू होतो ऑगस्ट २०२६ पासून आणि समान चिन्हं त्याहून दोन वर्षांनी.

सेवा तर त्याहून किचकट. यंत्र बसवायला तंत्रज्ञ तीन दिवस फ्रान्सला पाठवायचा तर सामाजिक सुरक्षेचा ए-१ दाखला, फ्रान्सच्या सिप्सी संकेतस्थळावर आगाऊ घोषणा, फ्रान्समध्ये एक नेमलेला प्रतिनिधी आणि पगाराची कागदपत्रं फ्रेंचमध्ये. ऑस्ट्रियाला घोषणा वेगळी, अर्ज वेगळा. मूळ हेतू चांगला होता, स्वस्त मजुरीची पिळवणूक थांबवायचा. पण प्रत्येक देशानं आपापलं शेपूट जोडलं.

जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय आयोगानं, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळानं, "अठ्ठाविसाव्या चौकटी"ची कल्पना मांडली, म्हणजे २७ कायद्यांच्या शेजारी एक युरोपीय कंपनी-कायदा, ज्याला हवा त्यानं निवडावा. कागदावर छान. दिवाळखोरी, कर आणि कामगार कायदा हे तिन्ही त्यात आले नाहीत तर उरेल नुसतं नोंदणी प्रमाणपत्र.

---

खडूफळा

निवृत्तिवेतनाबद्दल. दोन पद्धती शेजारी ठेवल्या की विषय कळतो.

जर्मनीत १९५७ पासून "आजचे भरतात, आजचे घेतात". पगाराच्या १८.६ टक्के वर्गणी, अर्धी कामगाराची आणि अर्धी मालकाची. एक वर्ष सरासरी पगारावर काम केलं की एक गुण. जुलै २०२५ पासून एका गुणाला महिन्याला ४०.७९ युरो. ४५ वर्षं सरासरी पगार घेतला तर ४५ गुण, म्हणजे १८३५ युरो. वर्गणी पुरत नाही म्हणून केंद्र सरकार तिजोरीतून वर्षाला १०० अब्ज युरोंहून जास्त ओततं. त्याच पैशांतून पूल आणि रेल्वे व्हायची होती.

सूत्रात एक ब्रेक आहे. वर्गणीदारांच्या मानानं वृद्ध वाढले की गुणाची वाढ आपोआप मंदावते. पण राजकारण्यांनी तळरेषा आखली: सरासरी पगाराच्या ४८ टक्क्यांखाली जायचं नाही. आधी २०२५ पर्यंत, आता २०३१ पर्यंत. ब्रेक लावला आणि खाली लाकडाचा ठोकळा ठेवला.

स्वीडननं १९९०च्या दशकात उलटं केलं. वर्गणी १८.५ टक्के. त्यातले १६ टक्के नावापुरत्या खात्यात जमा दाखवतात आणि पैसे आजच्या वृद्धांनाच जातात, उरलेले २.५ टक्के खरोखर बाजारात गुंतवतात. निवृत्तीच्या वेळी खात्यातला आकडा भागिले अपेक्षित आयुष्य. देणी मालमत्तेपेक्षा वाढली तर आपोआप कात्री. ती कात्री २०१० मध्ये पहिल्यांदा चालली, आणि २०१०, २०११, २०१४ या वर्षांत निवृत्तिवेतन खरोखर कमी झालं. सरकारनं वृद्धांचा कर कमी करून थोडं मलम लावलं, पण आपोआप चालणारी कात्री ठेवली.

फ्रान्सनं २०२३ मध्ये वय ६२ चं ६४ करायचं ठरवलं, रस्त्यावर रान पेटलं, आणि २०२५ च्या अखेरीस त्याला स्थगिती मिळाली. डेन्मार्कनं त्याच २०२५ मध्ये २०४० पर्यंत ७० वर्षं मंजूर केली. फरक इतकाच की डेन्मार्कनं वय आयुर्मानाला २००६ मध्येच बांधलं होतं.

---

तिरका_डोळा

एवढा खटाटोप कशाला? मुलं जन्माला घालायला पैसे द्या. हंगेरीनं दिले की.

---

कडुलिंब

दिले, आणि त्यातून काय निष्पन्न झालं ते मोजलेलं आहे. तिसरं मूल झालं की माफ होणारं १ कोटी फोरिंटचं कर्ज, चार मुलांच्या आईला २०२० पासून आयुष्यभर आयकर माफ. जननदर २०११ च्या १.२३ वरून २०२१ पर्यंत १.६ च्या आसपास गेला आणि २०२४ मध्ये पुन्हा १.४ च्या जवळ आला. बराचसा चढ म्हणजे पुढे होणारी मुलं आधी झाली. आता प्रत्यक्ष जन्म बघा: २०११ मध्ये ८८ हजार, २०२४ मध्ये साडेसत्त्याहत्तर हजार. दर वाढला आणि मुलं कमी झाली! कारण १९९०च्या दशकात मुलीच कमी जन्मल्या, आता आई व्हायच्या वयाच्या बायका कमी. हे लोकसंख्येचं जडत्व. शिवाय आज जन्मलेलं मूल वर्गणी भरायला लागेल २०४५ च्या पुढे.

---

दशांशचिन्ह

पैशाबद्दल राहून गेलं. संघातल्या कुटुंबांनी २०२२ मध्ये १३९० अब्ज युरो बचत केली, अमेरिकी कुटुंबांनी ८४०. पैसा आहे, तो बँकेच्या ठेवीत पडून आहे. बँक तारण मागते, आणि नव्या कंपनीकडे तारण म्हणून फक्त डोकी असतात. भांडवलबाजार एक करायची योजना २०१५ पासून चालू आहे. दिवाळखोरीचे २७ कायदे असताना पराया देशातला रोखा कोण घेणार? आणि इटलीच्या युनिक्रेडिटनं २०२४ मध्ये जर्मनीच्या कॉमर्झबँकेत हिस्सा वाढवला तर जर्मन सरकारच आडवं आलं.

पैसा मिळाला तरी पुरत नाही हेही आहे. स्वीडनची बॅटरी कंपनी नॉर्थव्होल्टला अब्जावधी मिळाले, मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरी. शेलेफ्टेओच्या कारखान्यात यंत्रं बसली, पण चांगले सेल पुरेसे बाहेर पडेनात. २०२३ मध्ये एक गिगावॅट-तासाचंही उत्पादन झालं नाही, आणि बीएमडब्ल्यूनं २ अब्ज युरोंची मागणी रद्द केली. सेल बनवणं हे हाताला लागलेलं कसब आहे, ते चीन-कोरियात वीस वर्षांत मुरलं.

---

उंबरठा

आपल्याकडचा धागा जोडतो. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला, पहिल्या टप्प्यात १०,००० जणांचं बोलणं होतं. शिवाय जर्मनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० पर्यंत न्यायचं जाहीर केलं. आयटीआयवाल्यांना यात नेमकं काय? गावाकडे एजंट "वेल्डर चालतो, तीन महिन्यांत पाठवतो" म्हणून पैसे घेतायत.

---

रात्रपाळी

तीन महिन्यांत कोणी जात नाही. मार्च २०२४ पासून "मान्यता-भागीदारी" हा मार्ग आहे: आधी तिथे जा, काम करा आणि प्रमाणपत्राची मान्यता तिथूनच मिळवा, जास्तीत जास्त तीन वर्षांत. अटी: नोकरीचा करार, जर्मन भाषेची ए-२ पातळी (सोपं बोलता-समजता येणं; त्याच्या वर बी-१, मग बी-२), आणि आपल्या सरकारनं मानलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण. शेवटची अट नीट वाचा. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे आयटीआयचे दोन वर्षांचे व्यवसाय, ते बसतात. वेल्डर एका वर्षाचा, तो बसत नाही.

जर्मन प्रशिक्षण तीन ते साडेतीन वर्षांचं असल्यानं दोन वर्षांवाल्यांनाही बहुधा अर्धवट मान्यता मिळते. काय कमी आहे त्याचं पत्र येतं आणि तेवढं तिथे भरून काढायचं. नर्सला बी-२ लागतं. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळेपर्यंत ती मदतनीसच, पगारही तोच. मालकानं ४११ युरो भरून जलद प्रक्रिया घेतली तर कागद लवकर हलतात. म्हणून एजंटाला पहिला प्रश्न हा विचारायचा: मालक जलद प्रक्रियेचा अर्ज करतोय का? नसेल तर मालकच नाही असं समजा.

---

उंबरठा

मग एक वर्षवाल्या वेल्डरनं काय करायचं?

---

रात्रपाळी

तिथे शिकाऊ म्हणून नव्यानं सुरुवात. प्रशिक्षणाचा करार आणि जर्मन बी-१. विद्यावेतन मिळतं, पहिल्या वर्षी बेताचंच. बी-१ ला मन लावून साधारण एक वर्ष, मग कोर्स साडेतीन वर्षांचा. २०२६ मध्ये भाषेच्या वर्गाला बसलेला मुलगा २०३० च्या अखेरीस किंवा २०३१ च्या सुरुवातीला पूर्ण पगारावर.

---

खडूफळा

जर्मनीत सर्वांत जास्त मुलं १९६४ मध्ये जन्मली, साडेतेरा लाखांवर. ती ६७ पूर्ण करून निवृत्त होणार २०३१ मध्येच.